दोन विती, चार बोटं

द्वारकेला, पुलाच्या सावलीत इद्रिसचं दुकान.
सीट कव्हर, भोंगे, प्लास्टिकचे लिंबू-मिरची,
आणि भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या पायऱ्या,
शिडीतून एकेक पाऊल सुटून आल्यासारख्या.

"कोणती गाडी?" त्यानं विचारलं.
मी गाडी सांगितली, मॉडेल सांगितलं.
ही म्हणाली, "गाडीचं काय विचारता, गुडघा माझा आहे."

तर आमची पिकअप उंच.
मखमलाबादच्या नर्सरीतून रोपं भरायची,
मिरची, टोमॅटो, झेंडू, एकशेचार खाचांचे ट्रे,
आणि दिंडोरी, वणी, कधी पार कळवणला पोचवायची.
हिशोब हिच्याकडे, म्हणून गाडीत ही हवीच.
नऊ वर्षं ही चढली ती एका निळ्या क्रेटवरून.
क्रेट पालथा घालायचा, वर उभं राहायचं,
माझा हात धरून हुप् करत आत,
मग क्रेटला बांधलेली सुतळी ओढायची,
की क्रेटही आत, पायाशी,
पाळलेल्या कुत्र्यासारखा.

फाल्गुनात म्हसरूळच्या उतारावर क्रेट तडकला.
ही पडली नाही. पण पडता पडता
मला जे बोलली ते इथे लिहीत नाही.

इद्रिसनं आधी स्टीलचा गोल पाइप काढला.
त्यात आमची दोघांची तोंडं लांबट दिसली.
"पोरं हाच नेतात. गाडीला लुक येतो."
हिनं बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं,
चपलेचा तळ घासून पाहिला.
"घसरतो. लुक तुम्हीच ठेवा."

मग चेकर प्लेटची आली, जाड, दोघांनी उचलावी अशी.
मग रुंद पट्टीची, ॲल्युमिनियमची,
वर काळ्या रबराचे दाणे.
मी मनात वाटा मोजत होतो:
बांध, चाऱ्या, आडगावाकडची ती आडवी पाइपलाइन.
फार खाली घेतली तर घासणार,
फार वर घेतली तर घेऊन काय उपयोग.
ही टेप मागत नाही.
निऱ्या जराशा उचलून, टायरच्या चळतीशी
पाय वर वर नेत राहिली,
गुडघा कुठे कुरकुरतो ते ऐकत.
तिथे तळवा टेकवला, हातानं जमिनीपर्यंत मोजलं.
"दोन विती, चार बोटं. ह्याच्यावर नको."
इद्रिसनं टेप लावली. अठरा इंच. गप्प झाला.

"वजन किती पेलते?"
"एका बाजूला दीडशे किलो. बिनधास्त."
"भोकं पाडणार?"
"छे, चेसिसला आहेत त्याच भोकांत ब्रॅकेट."
"बिलावर नाव?"
मी तोंड उघडेपर्यंत हिनं सांगून टाकलं, शालन कडलग.

बसवायला दीड तास. टपरीवर चहा घेताना
एक गोष्ट हळूच टोचली, कुणाला सांगण्यासारखी नाही.
एकतीस वर्षांत चारचौघांत
हिचा हात मी धरला तो त्या क्रेटपाशीच.
लग्नात धरला होता म्हणा,
पण तेव्हा भटजींनी सांगितलं होतं.

संध्याकाळी ही आली. डावा पाय पट्टीवर,
दाराची मूठ, उजवा पाय आत.
बसलीसुद्धा.
माझा हात सवयीनं पुढे झालेला,
तो तसाच आरशाकडे नेला, आरसा पुसला.
आरसा स्वच्छच होता.

तडकलेल्या क्रेटमध्ये हिनं पुदिना लावलाय.

परवा वणीत गिऱ्हाइकाचा पत्ता नव्हता.
ऊन असं, की गाडीची सावली तेवढी पट्टीपुरती.
ही त्या पट्टीवर बसली, ओट्यावर बसावं तशी,
मांडीवर वही, वहीवर भुईमुगाच्या शेंगा.
मी उभाच.
"बसा की."
"दीडशे किलो म्हणालाय तो," मी म्हटलं.
हिनं मला वरून खाली पाहिलं.
अडुसष्ट आणि चौऱ्याहत्तर,
ओठांतल्या ओठांत बेरीज केली,
हातचा एक धरला,
आणि सरकली.